तिसरा व्हेरिएबल घातला की रिझल्ट गायब होतोय? आधी हे तपासा

मार्च उजाडला की माझ्याकडं एकाच दुखण्याची पोरं यायला लागतात. एमए समाजशास्त्र, एमएसडब्ल्यू, एमएड, मधूनच एखादे पीएचडीवाले. सांगलीत विश्रामबागला माझी एक खोली आहे, तिथं मी प्रश्नावल्यांची डेटा एन्ट्री आणि विश्लेषण करून देते, बरीच वर्षं झाली. दारातनंच आवाज येतो, "ताई, काल स्टार होते, आज गेले." स्टार म्हणजे संबंध सिग्निफिकंट आहे, नुसत्या योगायोगानं आलेला नसावा, असं सांगणारी आकड्याशेजारची चांदणी. मला पुढचं न सांगताच कळतं की गाईडनी कायतरी तिसरा व्हेरिएबल (वय, उत्पन्न अशी माणसागणिक बदलणारी गोष्ट) कंट्रोल करायला लावलाय.

लक्षणं साधारण अशी असतात, तुमचं कुठलं ते बघा:

– दोन गोष्टींचा संबंध झकास सिग्निफिकंट आलेला, वय किंवा उत्पन्न कंट्रोल केलं आणि संबंध गेला.
– संबंध गेला नाही पण उलटा झाला, अधिकचं उणे.
– आधी काहीच नव्हतं, तिसरं घातल्यावर अचानक उगवलं.
– एका गटात दिसतंय, दुसऱ्यात नाही.
– दहा व्हेरिएबल एकदम घातले, आता एकालाही स्टार नाही पण आर-स्क्वेअर (सगळे मिळून परिणाम किती उलगडतात तो आकडा) मात्र भला मोठा.
– "हेच का कंट्रोल केलं?" असं व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलं की उत्तर "सरांनी सांगितलं".

शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त बघितलंय, आणि खरं दुखणं तेच आहे, बाकीचे पाच त्याचेच फोड.

आधी कंट्रोल म्हणजे काय ते दोन मिनिटांत. समजा २०० बायका आहेत (आकडे मी मनाचे घेतलेत, हिशोब सोपा पडावा म्हणून). १०० बचत गटात, १०० नाहीत. घरखर्चात आपलं मत चालतं असं गटातल्या ५० जणी म्हणतात, बाहेरच्या ३० जणी. काय-स्क्वेअर (संबंध योगायोगाचा आहे का ते बघायची चाचणी) ८.३३ येतो, स्टार पण येतात, पोरगी खूश, "बचत गटामुळे महिला सक्षमीकरण" लिहून मोकळी. आता वयानं दोन ढीग करा. पस्तिशीच्या आतल्या १०० जणींत गटातल्या २५, त्यातल्या ५ जणींचं मत चालतं, गटाबाहेरच्या ७५, त्यातल्या १५ जणींचं. दोन्हीकडं २० टक्के. पस्तिशीच्या वरच्या १०० जणींत गटातल्या ७५ पैकी ४५, बाहेरच्या २५ पैकी १५, दोन्हीकडं ६० टक्के. म्हणजे गटानं काहीच फरक पडला नव्हता, वय वाढलं की बाई गटातही जाते आणि घरात तिचं ऐकतातही, सासूबाई थकल्या की किल्ल्या सुनेकडं येतातच. सारख्याच्या शेजारी सारखं ठेवून बघायचं, कंट्रोल म्हणजे एवढंच. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमधलं बटण म्हणजे कंट्रोल नव्हे.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटातल्या आधी, डोकं खाणाऱ्या नंतर.

पहिलं, एन मोजा, म्हणजे हिशोबात किती माणसं आली ते. दोन मिनिटांचं काम आहे आणि माझ्याकडं आलेल्या बऱ्याच केसेस इथंच सुटतात. तिसरा व्हेरिएबल उत्पन्न असेल तर हमखास. आपल्याकडं माणूस पोराबाळांचं सगळं सांगेल पण उत्पन्न आणि जमीन विचारली की चहा घ्या म्हणतो. मग ती जागा रिकामी राहते, आणि रिग्रेशन (बऱ्याच व्हेरिएबलचा परिणामावरचा वाटा एकदम काढायचं गणित) करताना सॉफ्टवेअर एकही जागा रिकामी असलेली अख्खी ओळ गुपचूप बाजूला काढतं. तुम्हाला वाटतं उत्पन्न कंट्रोल केल्यामुळं संबंध गेला, खरं तर माणसंच बदललेली असतात, आधीचा रिझल्ट सगळ्यांचा आणि नंतरचा फक्त उत्पन्न सांगणाऱ्यांचा. उपाय सोपा आहे, तिन्ही उत्तरं भरलेल्या ओळीच फक्त निवडा, आणि त्यांच्यावर आधीचाच दोन व्हेरिएबलचा संबंध परत काढा, तिसरा न घालता. इथंच संबंध गेला असेल तर तिसरा बिचारा निर्दोष आहे. हे करतानाच तिन्हींची फ्रिक्वेन्सी (कुठलं उत्तर किती जणांचं) पण काढा, कारण "माहीत नाही"ला ९९ किंवा ९९९ कोड दिलेला असतो आणि तो मिसिंग, म्हणजे उत्तर नसलेला धर, असं सॉफ्टवेअरला सांगायचं राहून जातं, मग एखादी आजी ९९९ वर्षांची होते आणि अख्खं गणित ओढून नेते.

आणि स्टार गेले म्हणजे संबंध गेला असं नसतं हेही इथंच बघून घ्या. टक्क्यातला फरक किंवा कोइफिशंट (संबंध केवढा ते सांगणारा रिग्रेशनमधला आकडा) तेवढाच राहिलाय आणि नुसती पी व्हॅल्यू (जी कमी असली की स्टार येतात) वर गेलीय, तर माणसं कमी पडलीत एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं, तिसऱ्याचं कोडिंग. तालुक्याला १ ते १० नंबर दिलेत, आणि पार्शल कोरिलेशनमध्ये (तिसरा बाजूला काढून दोघांचा उरलेला संबंध) तालुका घातला. आता जत ३ आणि मिरज ६ असेल तर मिरज जतच्या दुप्पट कशात? सॉफ्टवेअरला ते कळत नाही, ते मुकाट्यानं गणित करून देतं. जात प्रवर्ग, धर्म, तालुका, व्यवसाय हे नावांचे व्हेरिएबल, त्यांना डमी (प्रत्येक प्रकाराला हो-नाही, म्हणजे १-० असा वेगळा व्हेरिएबल) करावी लागते, जेवढे प्रकार त्याच्यापेक्षा एक कमी. सांगलीचे दहा तालुके म्हणजे नऊ डमी, आणि फॉर्म तुमच्याकडं १२०, म्हणजे सगळ्यांत वाटून काहीच उरत नाही. मग अर्थ लागेल असं एकत्र करा. इथं एक चूक मात्र कायम बघते, वाळवा-पलूस म्हणजे बागायत आणि जत-आटपाडी-कवठेमहांकाळ म्हणजे दुष्काळी असं डोळे झाकून लिहायचं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी काही गावांत पोचलं, काहींत नाही, एकाच तालुक्यात एका गावात द्राक्षबाग आणि दुसऱ्या गावात टँकर असतो. साताऱ्यात माण-खटावला पण तेच. तुम्हाला पाणी कंट्रोल करायचं असेल तर पाणीच विचारा, तालुक्याचं नाव विचारून पाणी कळत नाही.

तिसरं, हा तिसरा भिडू दोघांनाही ओळखतो का? दोन साधे क्रॉसटॅब (आडवे-उभे तक्ते) काढायचे, तिसरा आणि कारण, तिसरा आणि परिणाम. बचत गटाच्या उदाहरणात वय दोन्हीकडं होतं म्हणून त्यानं घोळ घातला. एकाशीच नातं असेल तर त्यानं खोटा संबंध तयार होत नाही. आणि सगळे रिस्पॉन्डंट एकाच कॉलेजचे, एकाच वयाचे असतील तर वय कंट्रोल करून काय होणार, ते आधीच कंट्रोल झालेलं आहे. रिझल्टमध्ये काही हललं नाही म्हणून रडत आलेली अशी दोन-तीन पोरं तरी दरवर्षी असतात.

आकड्यांत बघायचं तर पार्शल कोरिलेशनचं गणित हातानं पण होतं. मूळ संबंध ०.४०, आणि तिसऱ्याचा दोघांशी ०.६० आणि ०.६० असेल, तर वर ०.४० वजा ०.३६, खाली १ वजा ०.३६ म्हणजे ०.६४, उत्तर ०.०६. सगळं वाहून गेलं. तिसऱ्याचं दोघांशी असलेलं नातं गुणायचं आणि मूळ संबंधातनं वजा करायचं, मग खालच्या भागानं भागायचं (त्या दोन नात्यांचे वर्ग एकेकदा १ मधनं वजा करायचे, गुणायचे आणि वर्गमूळ काढायचं). एकदा हातानं करून बघा, नंतर मशीनची भीती जाते.

चौथं, कागद घ्या आणि बाण काढा. खर्च एका कागदाचा, पण इथंच सगळे अडकतात, म्हणून इथं जरा थांबून वाचा. तीन गोल काढा, कारण, परिणाम, तिसरा. आणि स्वतःला विचारा की आधी काय घडलं, नंतर काय.

तिसरा दोघांच्याही आधी असेल, त्याच्यातनं दोघांकडं बाण जात असतील, तर कंट्रोल करायलाच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. त्यानंतर पूरग्रस्तांवर डेझर्टेशनांचा पण पूर आला. एका पोरीचा रिझल्ट आला की ज्यांना मदत जास्त मिळाली त्यांचा मानसिक ताण जास्त. ती घाबरली, मदतीनं ताण वाढतो असं लिहू का ताई? अगं, ज्याचं घर छपरापर्यंत बुडालं त्याला मदत पण जास्त मिळाली आणि ताण पण त्यालाच जास्त. नुकसान दोघांच्याही आधी आहे. तिच्याकडं नशिबानं घरात पाणी किती फूट होतं हा प्रश्न होता. पाण्याच्या उंचीचे गट पाडल्यावर चिन्ह फिरलं, सारखं नुकसान झालेल्यांमध्ये मदत मिळालेले जरा सावरलेले दिसले. चिन्ह फिरलं की पोरं समजतात काहीतरी बिघडलं, इथं उलट ते दुरुस्त झालेलं होतं.

आता दुसरा प्रकार, तिसरा दोघांच्या मध्ये. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्यामुळं हजेरी वाढते, हजेरीमुळं निकाल सुधारतो. एका पोरानं पास आणि निकाल यांचा संबंध काढला, चांगला आला, मग कुणीतरी सांगितलं हजेरी कंट्रोल कर, केली, संबंध गेला, आणि त्यानं निष्कर्षात लिहिलं की पासचा काही उपयोग नाही! पास ज्या वाटेनं काम करतो ती वाटच तू बंद केलीस, मग दुसऱ्या टोकाला कोण पोचणार? मी पण सुरुवातीच्या काळात हे केलंय. शिवणकामाच्या प्रशिक्षणाचा फायदा बघताना बायकांचं आत्ताचं उत्पन्न कंट्रोल केलं आणि प्रशिक्षण फुकट गेलं असा अहवाल दिला. प्रशिक्षणाचा फायदा उत्पन्नातनंच दिसणार होता. ते ध्यानात आलं तेव्हा अहवाल छापून झालेला. तेव्हापासनं आधी कागद, मग कॉम्प्युटर.

आणि यातली खरी गोम अशी, की तक्त्यात हे दोन्ही प्रकार डिट्टो सारखे दिसतात. दोन्हीत संबंध जातो, दोन्हीत पार्शल शून्याकडं येतं. पॉल लाझार्सफेल्ड आणि पॅट्रिशिया केंडल या समाजशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये सर्व्हेच्या तक्त्यांत तिसरा व्हेरिएबल घालून बघायची पद्धत नीट मांडली, त्यांनीही हाच फरक केलेला, तिसरा आधी असेल तर मूळ संबंध खोटा, मध्ये असेल तर संबंध खरा आणि तो कसा घडतो ते कळलं. फरक फक्त आधी की मध्ये एवढाच, आणि ते डेटात लिहिलेलं नसतं. ते तुम्हाला गावातलं, शाळेतलं, घरातलं माहीत असावं लागतं. म्हणून मी पोरांना विचारते, तू त्या गावात किती दिवस राहिलास?

तिसरा प्रकार जरा वंगाळ आहे. दोन्हीकडनं बाण तिसऱ्यात येऊन पडतात. समजा एका वसतिगृहात प्रवेश दोन कारणांनी मिळतो, गुण चांगले असले तर, नाहीतर घरची परिस्थिती बेताची असली तर. तुम्ही फक्त वसतिगृहातल्या पोरांचे फॉर्म भरून घेतले. आत जो गरीब नाही तो गुणांवरच आलेला असणार, म्हणजे हुशार. जो गरीब आहे तो कसल्याही गुणांवर येऊ शकतो. त्यामुळं वसतिगृहात तुम्हाला दिसणार की गरिबांचे गुण कमी, बाहेर असा कसलाही संबंध नसला तरी. तुम्ही कंट्रोलचं बटण दाबलंच नाही, फॉर्म कुणाचे भरले यातच ते दाबलं गेलं. संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये दवाखान्यातल्या पेशंटांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं. आधी काही नव्हतं आणि कंट्रोल केल्यावर उगवलं, असं लक्षण असेल तर आधी हा संशय घ्या. दोघांचा परिणाम असलेली गोष्ट कंट्रोल करायची नाही, आणि ती निवडीतच घुसली असेल तर निदान अहवालात सरळ लिहायचं की हे फक्त वसतिगृहातल्या पोरांपुरतं.

पाचवं, लेयर लावून प्रत्येक गट वेगळा बघा. क्रॉसटॅबच्या खिडकीत खाली लेयरची जागा असते, तिथं तिसरा टाकायचा. फुकटवाल्या जेमोव्ही सॉफ्टवेअरमध्ये पण आहे, चोरीचं एसपीएसएस वापरायची गरज नाही. टक्के कारणाच्या बाजूनं काढा, म्हणजे गटातल्या शंभर बायकांपैकी किती, उलटं नाही. मी रिग्रेशनच्या आधी हे करायला लावते कारण रिग्रेशन सगळ्या गटांचं मिळून एकच उत्तर देतं. जतच्या खेड्यात मोबाईल आणि अभ्यास यांचा संबंध एक आणि सांगली शहरात बरोबर उलटा असेल, तर सरासरी शून्य येते आणि तुम्ही लिहिता संबंध नाही. प्रत्येक गटात वेगळं दिसणं हा दोष नाहीच, कित्येकदा तीच तुमच्या डेझर्टेशनमधली एकमेव नवी गोष्ट असते. फक्त एका गटात स्टार आहे आणि दुसऱ्यात नाही एवढ्यावर फरक आहे म्हणू नका, दुसऱ्या गटात माणसंच कमी असतील.

तक्त्याखालची बारीक ओळ वाचा. अपेक्षित संख्या (संबंध नसता तर कप्प्यात किती माणसं आली असती ती) पाचपेक्षा कमी असलेले कप्पे २० टक्क्यांच्या वर गेले तर तो काय-स्क्वेअर विसरा. दोन बाय दोनचा तक्ता असेल तर फिशरची चाचणी बघा, नाहीतर प्रकार एकत्र करा.

आकडे सगळे मिळून एक सांगतात आणि सुटे केल्यावर दुसरंच, याचं गाजलेलं उदाहरण बर्कलेचं. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतल्या पदव्युत्तर प्रवेशात ८४४२ पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्के घेतले, ४३२१ बायकांपैकी ३५ टक्के. सरळ अन्याय वाटतो. बिकेल, हॅमेल आणि ओ'कॉनेल यांनी विभागवार बघितलं तर बायकांच्या विरुद्धचा तसा कल दिसला नाही, बायकांचे अर्ज जास्त करून जिथं प्रवेश मिळणंच अवघड अशा विभागांत होते. १९७५ मध्ये ते छापून आलं. पोरं हे उदाहरण पाठ करतात पण एक विचारत नाहीत, इथं विभाग आधी आहे की मध्ये? बाई असण्यानं विभागाची निवड ठरत असेल तर विभाग मध्येच झाला की. प्रवेश समिती भेदभाव करते का हा प्रश्न असेल तर विभाग कंट्रोल करा. बायका अमुक विभागांकडंच का वळतात, त्यांना तिथवर कुणी पोचवलं हा प्रश्न असेल तर विभाग कंट्रोल करून तुम्ही प्रश्नच पुसून टाकता. म्हणजे बाण काढायच्या आधी प्रश्न नीट लिहा.

सहावं, कप्पे फार मोठे झाले का? पस्तिशीच्या आत आणि वर असं केलं तर १९ वर्षांची नवी सून आणि ३४ वर्षांची दोन पोरांची आई एकाच कप्प्यात बसतात. वय कंट्रोल केलं असं तुम्ही म्हणता पण निम्मं वय आत शिल्लकच असतं, आणि उरलेला संबंध त्या शिल्लक वयाचाच असू शकतो. फॉर्म भरून घेताना वय वर्षांतच लिहून घ्या, गट नंतर पाडता येतात, गटातनं वय परत काढता येत नाही.

सातवं, सगळं कोंबू नका. उत्पन्न, जमीन, शिक्षण, घराचा प्रकार, गाडी आहे का, हे सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ. एकदम घातले की कुणाचं श्रेय कुणाला द्यायचं ते मशीनला कळत नाही, म्हणून स्टार कुणालाच नाही आणि आर-स्क्वेअर मोठा. व्हीआयएफ (एक व्हेरिएबल बाकीच्यांत किती मिसळलाय तो आकडा) काढा, १० च्या वर गेला तर नक्कीच गडबड, ५ च्या वर मी तरी थांबून बघते. पण व्हीआयएफ बघून व्हेरिएबल काढू नका, चौथ्यातला कागद बघून काढा. नाहीतर नेमकं कंट्रोल करायला पाहिजे होतं तेच उडवाल.

आता थांबायचं कुठं ते. खालचं काही असेल तर माझ्यासारखीकडं पण येऊ नका, संख्याशास्त्र शिकवणारा माणूस गाठा, विद्यापीठाच्या विभागात जाऊन बसा.

फॉर्म आठ-दहा गावांतनं गटागटानं घेतलेत आणि पाणी, रस्ता असला तिसरा व्हेरिएबल गावाचा आहे, माणसाचा नाही. मग १२० माणसं दिसतात पण गावं दहाच असतात, आणि साधं रिग्रेशन खोटे स्टार देतं. परिणाम हो किंवा नाही असा आहे आणि लॉजिस्टिक (हो-नाही परिणामासाठीचं रिग्रेशन) करायचंय, तिथं तिसऱ्यानं काही घोळ घातला नसला तरी तो आत आल्यावर ऑड्स रेशो (दोन गटांतल्या हो-नाहीच्या प्रमाणाची तुलना) हलतो, त्यावरनं घरी बसून निष्कर्ष काढू नका. बाण दोन्हीकडनं जातोय, म्हणजे मोबाईलमुळं गुण कमी की गुण कमी म्हणून पोरगं मोबाईलवर, हे ठरत नाही. किंवा तुमच्या रिझल्टवर कुणाची योजना बंद-चालू होणार आहे.

आणि जो तिसरा तुम्ही विचारलाच नाही तो कुणीच कंट्रोल करून देऊ शकत नाही, संख्याशास्त्रवाला पण नाही. पुराच्या त्या पोरीच्या फॉर्ममध्ये पाण्याची उंची नसती तर मी हात वर केले असते. "स्टार आणून देतो" म्हणणारे पण आहेत, दर पानाला रेट लावून, त्यांच्या नादी लागू नका, व्हायवाला ते शेजारी बसत नाहीत.

जाताना नुसतं आउटपुटचं प्रिंट नेऊ नका. कोरी प्रश्नावली, कोडबुक (कुठल्या उत्तराला कुठला नंबर ते), कच्ची फाईल, फॉर्म कुणाचे आणि कसे निवडले ते दोन ओळींत, आणि तो बाणांचा कागद न्या, खाडाखोड असली तरी चालेल. आणि जमलं तर फॉर्म छापायच्या आधी जा, तेव्हा एक प्रश्न वाढवायला फक्त शाई लागते.